साहेबांच्या शुभहस्ते एंटर

आमच्या कॉलनीत नळाला पाणी येतं. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही. कधी येतं, किती येतं आणि कोणाकडे येतं असं विचारलं, की लोक विषय बदलतात आणि यंदा उन्हाळा जरा जास्तच आहे असं म्हणतात. वर्ध्यात हे कोणत्याही वर्षी म्हणता येतं.

बोरगाव मेघेच्या कडेला, जिथे घरं संपून कपाशीची वावरं सुरू होतात, तिथे आमची कॉलनी आहे. तिच्यात दोन गल्ल्या. पुढची गल्ली आमची, म्हणजे नोकरीवाल्यांची आणि दुकानदारांची. मागची गल्ली त्यांची, म्हणजे ज्यांना आम्ही 'मागच्या गल्लीतले' म्हणतो त्यांची. मागच्या गल्लीत नळ आहेत, तोट्या आहेत, मीटरही आहेत. फक्त पाणी तिथवर जात नाही. याबद्दल कॉलनीच्या प्रत्येक वार्षिक सभेत खेद व्यक्त होतो. खेद व्यक्त करण्यात आमची कॉलनी कोणाला ऐकणारी नाही.

पाणी सोडणारा माणूस व्हॉल्व्ह उघडला की बंडूजींना फोन करायचा. बंडूजी बस स्टँडवर गाड्यांची घोषणा करून निवृत्त झालेले. बायको वारल्यापासून एकटेच राहतात. समाजमंदिरातला माइक त्यांनी स्वतःहून अंगावर घेतला होता. त्यांचा आवाज भरदार, पण सवय स्टँडची. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" असं त्यांच्या तोंडून आधी निघायचं, मग ते "नागरिकांनी" अशी दुरुस्ती करायचे, मग एक सुविचार, मग कोणाचा तरी चष्मा सापडल्याची सूचना, मग दुःखद निधन, आणि शेवटी पाणी आल्याची बातमी. तोवर पाणी जायच्या बेतात असायचं.

व्हॉट्सअ‍ॅपचा उपाय करून झाला होता. कॉलनीचा ग्रुप आहे. त्यात "पाणी आलं" हा संदेश गुलाबाच्या फुलांखाली असा दबून जायचा की तो सापडेपर्यंत माणूस अंघोळीशिवाय ऑफिसात पोचलेला असे.

या परिस्थितीत गप्प बसणं हा एकमेव शहाणपणाचा मार्ग होता. तो मी सोडला.

मी एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही टायपिंगच्या परीक्षा पास आहे, आणि तेही जुन्या लोखंडी मशीनवर. माझी मुलगी गुंजन पुण्यात कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहिण्याची नोकरी करते. तिने तिचा जुना लॅपटॉप मला देऊन टाकला तेव्हा त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं. "बाबा, यात व्हायरस येत नाही," असं ती म्हणाली. व्हायरसच काय, सुरुवातीचे काही महिने मला ओळखीचं असं काहीच त्यात येत नव्हतं. पण चिकाटी हा आमच्या खात्याचा गुण आहे. व्हिडिओ बघून बघून मी थोडं प्रोग्रामिंग शिकलो. थोडं शिकलेला माणूस किती घातक असतो हे त्या व्हिडिओत कुठेच सांगितलेलं नव्हतं.

मी केलं ते इतकंच. ज्यात प्रोग्राम लिहितात त्या एडिटरच्या खिडकीचे दोन भाग असतात. वरच्या भागात आपण लिहायचं. खालच्या भागाला टर्मिनल म्हणतात, तिथे कॉम्प्युटर हुकूम ऐकतो. मी खाली एक प्रोग्राम चालू करून ठेवला, त्याचं नाव 'बोल्या'. बोल्याला जी ओळ द्यावी ती तो स्पीकरमधून मराठीत बोलून दाखवी. वर तीन ओळी लिहून ठेवल्या: नळाला पाणी आलं आहे, पाणी गेलं आहे, पाणी आज येणार नाही. हव्या त्या ओळीवर जायचं, एफ-आठचं बटन दाबायचं, की ती ओळ वरून खाली जाणार आणि बोल्या बोलणार. ना सुविचार, ना चष्मा.

घरी हे झकास चाललं. बोल्याचा आवाज सर्दी झालेल्या बाईसारखा होता, पण शब्द स्पष्ट. बायको, दिपाली, स्वयंपाकघरातून म्हणाली की छान आहे, आता हे कोणाला दाखवू नका. मी ते सभेत दाखवलं.

कॉलनीचे अध्यक्ष रूपराव. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि कॉलनीतला सर्वांत मोठा ओटा त्यांच्या घराला आहे. सभा ओट्यावर भरते, त्यामुळे अध्यक्षपद त्यांच्याकडे ओघानेच आलं. सभेला बोल्या पसंत पडला. एकाने सूचना केली की आधी एखादा श्लोक म्हणवून घ्यावा. दुसऱ्याने विचारलं की तो इंग्रजीतही बोलेल का, म्हणजे पाहुण्यांवर छाप पडेल. "पाणी गेलं आहे" ही ओळ अशुभ आहे, ती काढून टाकावी, असा ठराव एका आवाजात मंजूर झाला. पाणी मात्र जात राहिलं. बंडूजी एका कोपऱ्यात बसून होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही. सभा संपल्यावर त्यांनी माइकच्या खोलीची किल्ली रूपरावांच्या हातात ठेवली आणि वायर जरा सैल आहे, सांभाळा, एवढंच सांगून गेले. मला वाईट वाटलं. पण सभेने माझ्या नावाने टाळ्या वाजवल्या होत्या, आणि टाळ्यांच्या आवाजात वाईट वाटणं फार वेळ टिकत नाही.

माझा लॅपटॉप कायमचा समाजमंदिरात ठेवायला दिपालीने साफ नकार दिला. तेव्हा रूपरावांनी आपल्या दुकानातला बिलं बनवायचा जुना कॉम्प्युटर दान केला. दान म्हणजे त्याच्या डब्यावर लाल रंगाने वडिलांचं नाव आणि 'यांच्या स्मरणार्थ' असं रंगवून आणला. रंग हवेच्या भोकांवरूनही गेला होता, त्यामुळे तो कॉम्प्युटर श्वास कोंडल्यासारखा घरघरायचा. त्यात विंडोज होतं. मला वाटलं, काय फरक पडतो. एडिटर तोच, प्रोग्राम तोच, टायपिस्ट तोच.

दरम्यान रूपरावांनी उद्घाटन ठरवून टाकलं. पाणीपुरवठ्याचे एक इंजिनिअर साहेब नवीन बदलून आले होते, त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. मला वाटलं, मागच्या गल्लीचं गाऱ्हाणं त्यांच्या कानावर घालायला ही बरी संधी आहे. मी तसं सुचवलंही. रूपराव म्हणाले, "योगेंद्रभाऊ, पाहुणा घरी आला का त्याले चहा पाजा लागते. रडगाणं नाई ऐकवा लागत." साहेबांची मर्जी राखली तर पुढेमागे काम होईल, असं त्यांचं धोरण होतं. हे धोरण मागच्या तीन साहेबांपासून चालू होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मी समाजमंदिरात सगळं बसवलं. रूपराव मशीनवर टाकायच्या मखमली कापडाचं माप घेत होते. मी एफ-आठ दाबलं. "नळाला पाणी आलं आहे" ही ओळ वरून निघाली, खाली टर्मिनलमध्ये जाऊन उभी राहिली, आणि तशीच उभी राहिली. बोल्या गप्प. पुन्हा दाबलं. आणखी एक ओळ तिच्या मागे जाऊन उभी. पुन्हा गप्प. स्पीकर चालू, वायर ठीक, सगळं ठीक. ओळ पोचत होती, पण पुढे काही घडत नव्हतं. माझ्या ऑफिसात अर्जांचं नेमकं हेच होतं, म्हणून मला आधी त्यात काही गैर वाटलं नाही.

गुंजनला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. सगळं तसंच चालू राहू द्या, बंद करू नका, मी नंतर बघते, असं ती कुजबुजली आणि फोन ठेवला.

मग मी तपासणीसाठी वेगवेगळ्या ओळी टाइप करून खाली पाठवायला लागलो. एखादी तरी बोलेल म्हणून. आधीच्या ओळी सभ्य होत्या. बाहेर बेचाळीसच्या वर पारा, आत पंखा नावापुरता, आणि रूपराव मापं घेऊन टेलरकडे निघून गेलेले. हॉलमध्ये मी एकटा. हळूहळू ओळींचा सूर बदलत गेला. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढली की माणसाला एक सवय लागते: खरं काही लिहायचं झालं तर ते अशा ठिकाणी लिहायचं, जिथून ते पुढे सरकणार नाही. ते टर्मिनल मला फार विश्वासाचं ठिकाण वाटलं. मी बरंच लिहिलं. मन हलकं झालं. मग रूपराव आले, त्यांनी पडद्याचं बटन बंद केलं, त्यांच्या मते कॉम्प्युटर बंद झाला, आणि हॉलला कुलूप लावलं.

गुंजनचा फोन सकाळी आला. मी दाढी करत होतो. तिने माझा प्रोग्राम तिच्या मॅक लॅपटॉपवर चालवून पाहिला होता आणि तिथे तो पहिल्याच झटक्यात बोलला. मॅकमधल्या बाई "नलाला पानी आलं" असं म्हणतात म्हणे, पण बोलतात. गडबड मॅकची नव्हती, विंडोजचीही नव्हती. ती माझी होती. ओळ पाठवल्यावर शेवटी एंटर जावं लागतं, आणि ते एंटर सगळीकडे सारखं नसतं, असं ती म्हणाली. "बाबा, तुमच्या टाइपरायटरवर ओळ संपली की दांडा ओढायचात ना? त्यात दोन गोष्टी व्हायच्या. कागद एक ओळ वर सरकायचा आणि गाडी मागे यायची. तुम्ही फक्त कागद सरकवलाय. लिनक्सला तेवढं पुरलं. त्या टर्मिनलला गाडी मागे आलेली लागते."

टायपिंगची परीक्षा दोन भाषांत पास झालेल्या माणसाला त्याच्या मुलीने गाडी मागे घ्यायला शिकवावं, हा अपमान मी दाढीच्या फेसाखाली गिळला. मी म्हटलं, मग आता सगळं ठीक ना. ती म्हणाली, एका अक्षराची दुरुस्ती आहे, सांगते. पण त्याआधी खाली साचलेल्या ओळी पुसून टाका. त्या गेलेल्या नाहीत, वाट बघत उभ्या आहेत. कोणी चुकून एंटर दाबलं तर सगळ्या एकदम बोलतील.

मी अर्धी दाढी तशीच ठेवून समाजमंदिराकडे निघालो.

तिथे मांडव पडला होता, सतरंज्या, खुर्च्या, सगळं. कॉम्प्युटरवर मखमली कापड होतं, त्यावर झेंडूचा हार, समोर नारळ आणि उदबत्त्या. पूजा होऊन गेली होती. मी रूपरावांना बाजूला घेऊन सांगितलं की मला फक्त दोन मिनिटं मशीनजवळ बसू द्या. ते माझ्या गालाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पूजा झाली न आता. साहेबाच्या हातानंच होऊ द्या. मधात आपण कशाले हात लावता?" मी म्हटलं, आत काही ओळी अडकल्यात. ते म्हणाले, निघतील. मी म्हटलं, तोच तर प्रश्न आहे. त्यांना तो विनोद वाटला.

त्यांच्या पत्नी विमलाबाईंना मी विनवलं. त्यांनी सांगितलं की त्या कापडाला त्यांनी कडेने जरीची किनार लावली आहे, तेव्हा ते साहेबांच्या आधी कोणीही उचलायचं नाही. मग मला सुचलं की निदान साहेबांना कोणतं बटन दाबायचं ते नीट सांगावं. एफ-आठ दाबलं तर आणखी एक ओळ रांगेत लागेल, बाकी काही होणार नाही. बोल्या गप्प राहील, माझी फजिती होईल, पण ती फजिती माझ्या ओळखीची असेल. मी रूपरावांना म्हटलं, साहेबांना वरच्या रांगेतलं एफ-आठ दाबायला सांगा.

"काऊन बारकं बटन देता साहेबाले?" ते म्हणाले. "त्यावर मोठ्या माणसाचं बोट शोभते का? मी पाहून ठेवलं ना, उजव्या हाताले मोठं बटन हाय. थेच दाबतील साहेब."

उजव्या हाताचं मोठं बटन म्हणजे एंटर.

शेवटचा मार्ग म्हणजे वीज. मी माइकच्या खोलीत गेलो. तिथे बोर्डासमोर स्टूल टाकून बंडूजी बसलेले. सैल वायर धरून ठेवायला रूपरावांनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. स्वच्छ धुतलेला सदरा घातला होता. मी म्हटलं, बंडूजी, ऐन वेळी एकदा मेन बटन बंद कराल का. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. म्हणाले, "योगेंद्रभाऊ, माह्या हातून आजपर्यंत एकही घोषणा मधात तुटली नाई. तुमच्या मशीनची तोडली तं लोक म्हणतील, बंडूजीनं जळून केलं." मी मांडवात परतलो.

साहेब वेळेवर आले, म्हणजे आमची कशाचीच तयारी नव्हती तेव्हा आले. तरुण, बारीक, घामाघूम. त्यांना शाल घातली. त्या उन्हात कोणाला शाल घालणं हा आमच्याकडे सत्कार समजतात. रूपरावांचं भाषण झालं. कॉलनीत पाण्याची कोणतीही समस्या नाही, फक्त पाणी आल्याचं कळत नाही, आणि तीही समस्या आज सुटत आहे, असं त्यांनी सांगितलं. मी तिसऱ्या रांगेत अर्ध्या दाढीवर रुमाल धरून बसलो होतो. विमलाबाईंनी जरीचं कापड उचललं. पडदा काळाच होता, तो सुरू करायचं कोणाला सुचलं नाही. रूपरावांनी साहेबांचं बोट हातात घेतलं, मोठ्या बटनावर ठेवलं आणि दाबलं.

"नळाला पाणी आलं आहे," बोल्या म्हणाला.

समाजमंदिराच्या चारही भोंग्यांतून सर्दी झालेल्या बाईचा आवाज कॉलनीभर घुमला. टाळ्यांचा कडकडाट झाला. रूपरावांनी हात जोडले. मला क्षणभर वाटलं की देव आहे.

"नळाला पाणी आलं आहे," बोल्या पुन्हा म्हणाला. पुन्हा टाळ्या, जरा कमी. "पाणी आलं आहे, ऐकू येतं का? ... अरे बोल. ... बोल ना बाप्पा. ... ही मशीन रूपरावांच्या दुकानात इतकी वर्षं होती, तिला फक्त खोटी बिलं बोलता येतात."

टाळ्या थांबल्या. मी रुमाल गालावरून डोळ्यांवर घेतला.

"अध्यक्षांचंही असंच आहे. वरून कितीही ओळी पाठवा, खाली काही होत नाही. ... उद्या साहेब येणार. शाल देतील, श्रीफळ देतील, सांभारवडी खाऊ घालतील. मागच्या गल्लीत पाणी जात नाही, हे मात्र कोणी सांगणार नाही. ... देवकाबाई गुडघे धरून दुसऱ्याच्या नळावरून पाण्याचा गुंड भरून नेते. आणि आम्ही बोलणारी मशीन बसवतो. ... बोल ना मेल्या."

आणि मग, आदल्या दिवशी मी शेवटी पुन्हा एकदा सभ्य प्रयत्न केला होता त्यामुळे, "नळाला पाणी आलं आहे" असं म्हणून बोल्या थांबला. बंडूजींनी वायर शेवटपर्यंत धरून ठेवली होती. घोषणा तुटली नाही.

रूपरावांचा चेहरा त्यांच्या वडिलांच्या नावाच्या रंगाचा झाला होता. मग ते माइकवर म्हणाले की आता अल्पोपाहार होईल. साहेब शाल काढून खुर्चीवर ठेवत होते. त्यांनी विचारलं, "मागची गल्ली कुठे आहे?"

रूपरावांनी सांगितलं की ती मागे आहे, पण सांभारवडी गरम आहे. साहेब मागे निघाले. मग त्यांच्या मागे रूपराव, त्यांच्या मागे कमिटी, त्यांच्या मागे सगळी कॉलनी, आणि सगळ्यांत शेवटी, कोणाच्या हाताच्या टप्प्यात येणार नाही इतक्या अंतरावरून, मी.

देवकाबाई दारातच उभी होती. सेवाग्रामच्या दवाखान्यात मावशी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली बाई, दोन्ही गुडघे गेलेले. मागच्या गल्लीला कार्यक्रमाचं बोलावणं नव्हतं. पण भोंगे चार दिशांना होते, त्यामुळे तिने सगळं ऐकलं होतं. नळाखाली घासलेली बादली ठेवून ती वाट बघत होती. साहेब आल्यावर तिने नमस्कार केला आणि तोटी सोडली. तोटीतून फुस्स असा आवाज आला आणि एक कोळी बाहेर पडला.

"आमच्याकडे हेच येते, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी तोटीखाली हात धरला. ते नुसतं ऐकत उभे राहिले. ते काय ऐकत आहेत हे आम्हाला आधी कळलं नाही. मग कळलं. पुढच्या गल्लीतून एक घूं घूं असा आवाज येत होता, एका घरातून नाही, ओळीने सगळ्या घरांतून. बोल्याने पाणी आल्याचं तीन-चारदा जाहीर केलं होतं. घरी राहिलेल्या बायामाणसांनी ते ऐकून ज्याने त्याने आपापली टुल्लू मोटर चालू केली होती, आणि त्या मोटरी रिकाम्या पाइपातून हवा ओढत कोकलत होत्या.

नळाला थेट मोटर लावायला मनाई आहे. हे आम्हा सर्वांना नीट माहीत होतं, म्हणून तर आम्ही मोटरीवर गोणपाट टाकत असू. ती मोटर लावली की पुढच्या गल्लीत पाणी जोरात येतं. ते कुठून येतं याचा विचार आम्ही केला नव्हता. म्हणजे केला होता, आणि खेद व्यक्त केला होता.

साहेबांनी विचारलं, हा आवाज कसला आहे. कॉलनीतली सगळी सुशिक्षित मंडळी आकाशाकडे बघू लागली. रूपरावांनी अंदाज व्यक्त केला की जवळपास कुठे पिठाची गिरणी असावी. इंजिनिअर माणसाला मोटर आणि गिरणी यांतला फरक कळतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. साहेब आवाजाच्या दिशेने चालत गेले. पहिलं घर माझं लागलं. दिपालीने दार उघडलं. ती घामाने थबथबली होती आणि हातात गोणपाट होतं. "अहो, पाणी आलं म्हणाली ना ती, कुठे आहे पाणी?" असं तिने मला, साहेबांच्या खांद्यावरून, विचारलं.

त्या आठवड्यात पुढच्या गल्लीतल्या मोटरी निघाल्या. माझी पहिली निघाली. पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हा ते सरळ उतारावरून मागच्या गल्लीत गेलं, कारण पाण्याला कोणाच्या ओट्याची लांबी कळत नाही. देवकाबाईने बादली भरली, गुंड भरला, मग घरातली लहानमोठी सगळी भांडी भरली, आणि भांडी संपल्यावर अंगणात नळ धरून उभीच राहिली, असं बंडूजींनी मला सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. माइकची किल्ली त्यांच्याकडे परत गेली आहे. सुविचार आता घोषणेच्या शेवटी असतो.

पुढच्या गल्लीने माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्याकडे आता करंगळीएवढी धार येते आणि दिपाली तिच्यासमोर पाट टाकून बसते. कॉलनीच्या ग्रुपवर गुलाबाची फुलं येतात, ती मला सोडून सगळ्यांना उद्देशून असतात. उद्घाटनाचं रेकॉर्डिंग मात्र वर्धा शहरात सगळीकडे पोचलं. आमच्या ऑफिसात साहेबांपासून चपराशापर्यंत कोणीही फाइल पुढे सरकली नाही की "बोल ना मेल्या" असं म्हणतो.

मला वाटलं प्रकरण इथे संपलं. मग एका संध्याकाळी आमच्या शेजारचे गृहस्थ आले. मोटरी निघाल्यापासून त्यांनी मला नमस्कारही केला नव्हता. ते दार लोटून घेऊन हळूच म्हणाले की त्यांच्या धाकट्या भावाने पार्किंगच्या जागेत म्हैस बांधली आहे. सख्ख्या भावाला कसं म्हणावं. पण मशीन म्हणाली तर ते कोणाचं बोलणं होत नाही. मग आणखी एक जण आले. मग एक बाई आल्या, त्यांच्या सासऱ्यांच्या रेडिओबद्दल. प्रत्येक जण दार लोटून घ्यायचा आणि प्रत्येकाची एक ओळ असायची. माणसं आपसात बोलतात त्यापेक्षा बरीच बरी मराठी त्या ओळींत असे. मी सगळ्यांना सांगितलं की मशीन बंद आहे. कोणाचा विश्वास बसला नाही.

शेवटी रूपराव आले. उद्घाटनानंतर प्रथमच. दिपालीने धारेपुढून न उठता मला चहा करायला सांगितलं. त्यांनी चहा घेतला, उन्हाळ्याबद्दल बोलले, आणि मग दाराकडे बघत म्हणाले की येत्या सभेत एक ओळ बोलवून घ्यायची आहे. आधी ते बंडूजींकडे गेले होते. बंडूजींनी नाही म्हटलं. "जे आलं थेच मी सांगतो, अध्यक्षसाहेब. जे आलं नाई, थे आलं म्हणून सांगत नाई," असं बंडूजींचं म्हणणं पडलं.

मी ओळ विचारली. त्यांनी खिशातल्या मोबाइलवर लिहून आणली होती. रूपरावांनी राजीनामा देऊ नये, अशी समस्त कॉलनीची इच्छा आहे.

मी म्हटलं, "पण तुमचा राजीनामा मागितला कोणी?"

"अजून कोणी नाई मागितला," ते म्हणाले. "पण मागाच्या आधीच नको म्हटलेलं बरं राह्यते."

माणूस घरी आला होता, चहा घेऊन बसला होता. मी लॅपटॉप उघडला, बोल्या चालू केला, वर ती ओळ जशीच्या तशी टाइप केली, काना-मात्रा तपासल्या आणि एफ-आठ दाबलं. ओळ वरून खाली गेली आणि माझ्या घरातून, उघड्या खिडकीतून, सर्दी झालेल्या बाईने स्पष्ट शब्दांत पुढच्या गल्लीला सांगितलं की रूपरावांनी राजीनामा देऊ नये, अशी समस्त कॉलनीची इच्छा आहे.

बाहेर दोन-तीन खिडक्या उघडल्याचा आवाज झाला. आतून दिपालीने विचारलं, "कोणाकोणाची इच्छा म्हणाली ती? नावं तरी सांगायला सांगा."

रूपरावांनी कप खाली ठेवला.

"इथं नोका दाबू ना एंटर, योगेंद्रभाऊ," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी तं नुसतं लिहून ठेवा म्हटलं होतं."

मी म्हटलं, "इथे ते आपोआप दाबलं जातं."